"आपापल्या आजारानुसार" म्हणजे कुठे? सार्वजनिक आरोग्य व्यवस्था चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्याचे धोरण ठरवणारे आणि सार्वजनिक रुग्णालयांचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी

विषय : दीर्घ आजारांचा संयुक्त बाह्यरुग्ण विभाग बंद करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आईला घेऊन रुग्णालयात गेले, तर तिच्या नेहमीच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. दीर्घ आजारांचा संयुक्त विभाग बंद करण्यात आला आहे, रुग्णांनी आपापल्या आजारानुसार संबंधित विभागात जावे, अशा दोन ओळी. आईने त्या वाचल्या आणि मला विचारलं, "आजारानुसार म्हणजे माझ्या कुठल्या?"

तिला मधुमेह आहे. रक्तदाब आहे. मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करतात. दोन्ही गुडघे झिजलेत. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. ते तुम्ही द्यावं म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि अशी आई, असा बाप, असा नवरा घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

हा विभाग नव्हता तेव्हा काय झालं होतं, ते आधी सांगते. चार वर्षं झाली त्याला. मधुमेहाच्या विभागात आईला मूत्रपिंडं जपण्यासाठी एनालाप्रिल सुरू होतं. रक्तदाब तरीही चढाच राहिला म्हणून दुसऱ्या विभागात ॲम्लोडिपिन दिलं गेलं. काही आठवड्यांत तिचे घोटे सुजले. ॲम्लोडिपिनने घोट्यांना सूज येऊ शकते, हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं. पण सूज दाखवायला आई गेली ती तिसऱ्या ठिकाणी, नव्या केसपेपरवर. तिथे डॉक्टरांना दिसले ते फक्त सुजलेले पाय. त्यांनी फ्युरोसेमाइड लिहून दिलं, आपण जिला लघवीची गोळी म्हणतो ती. म्हणजे एका गोळीच्या दुष्परिणामावर दुसरी गोळी आली, आणि पहिली जिथल्या तिथे राहिली. मग गुडघे दुखायला लागले. हाडांच्या विभागात पंधरा दिवसांचं डायक्लोफेनॅक मिळालं, सकाळ-संध्याकाळ.

मूत्रपिंडातल्या गाळणीवर रक्ताचा ठरावीक दाब राहिला तरच ती गाळते. एनालाप्रिल गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करतं. लघवीची गोळी अंगातलं पाणी कमी करते. डायक्लोफेनॅक गाळणीकडे येणाऱ्या रक्तवाहिनीला आवळतं. तिन्ही एकाच अंगात एकत्र आली की गाळणीवरचा दाब कोसळू शकतो, आणि वय झालेल्या, आधीच मूत्रपिंडं दुबळी असलेल्या माणसाला हा धोका सर्वांत जास्त. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे त्रिकूट शिकवलं जातं. अकराव्या दिवशी आईची लघवी जवळजवळ थांबली. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं गाळेनाशी झाली की वाढतो तो आकडा, १.३ वरून ४.१ वर गेलं. नऊ दिवस ती वॉर्डात होती, आणि त्यातले चार दिवस डायलिसिस लागेल की नाही याची आम्ही वाट बघत होतो. लागलं नाही. पण मूत्रपिंडांचं जे गेलं ते सगळं परत आलं नाही.

यात मी कुणा एका डॉक्टरला दोष देत नाही. प्रत्येकाने समोर आलेल्या तक्रारीवर औषध दिलं. बाहेर दीडशे माणसं उभी असताना एका रुग्णाला दोन मिनिटं मिळतात, आणि त्या दोन मिनिटांत कुणी पिशवीतले सगळे कागद चाळू शकत नाही. त्यांना तसं बसवलंय कुणी, हा माझा प्रश्न आहे, आणि तो तुम्हाला आहे.

वॉर्डातून सुटताना आईला नव्यानेच सुरू झालेल्या संयुक्त विभागात पाठवलं गेलं. पहिल्या दिवशी तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "मावशी, पिशवी इथे रिकामी करा." सगळ्या पट्ट्या टेबलावर पडल्या. एकेक पट्टी हातात घेऊन त्यांनी विचारलं : ही कधी घेता? कुणी दिली? घेतल्यावर काय होतं? पट्टीच्या मागचं बारीक अक्षर त्या भिंग धरून वाचत होत्या. अर्ध्या तासात टेबलावर तीन ढीग झाले. एका ढिगात वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्या होत्या आणि आतलं औषध एकच होतं. आई दोन्ही घेत होती. दोन विभागांनी दोन नावांनी दिलेल्या, तिला काय कळणार? डॉक्टर आले, सिस्टरांनी ढीग दाखवले, दोघं बोलले, आणि अकरा औषधांची सहा झाली. शेवटी सिस्टरांनी एका पिवळ्या कार्डावर सहाही औषधं त्यांच्या मूळ नावांनी लिहिली आणि वर लाल शाईने एक ओळ टाकली : मूत्रपिंड कमजोर, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत.

त्यानंतरच्या साडेतीन वर्षांत आई एकदाही वॉर्डात भरती झाली नाही. हा विभाग तुम्ही बंद केला आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार आहे ती मुळावरची. तुमच्या व्यवस्थेत प्रत्येक अवयवाला डॉक्टर आहे, पण अख्ख्या माणसाची जबाबदारी कुणाच्याच नावावर नाही. दीर्घ आजार एकेकटे येत नाहीत. मधुमेहामागून मूत्रपिंडं, डोळे, पाय, हृदय येतात, आणि त्यांचा इलाज एकमेकांत गुंतलेला असतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. मधुमेही रुग्णांचा रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवला, तर पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात दिसलं. म्हणजे मधुमेह्याचा जीव वाचवायचा तर साखरेइतकंच रक्तदाबाकडेही बघायला हवं. डेन्मार्कमधल्या स्टेनो केंद्राने तर हे सगळं एकत्र करून पाहिलं. १६० मधुमेही रुग्ण घेतले, त्यांच्यातल्या निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, व्यायाम हे सगळं एकाच चमूने हातात घेतलं. सुमारे आठ वर्षांनी त्या निम्म्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जवळजवळ अर्ध्यावर आला होता. एकवीस वर्षांनी हिशोब मांडला तेव्हा ते दुसऱ्या गटापेक्षा साधारण आठ वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. यासाठी त्यांनी कुठलाही नवा शोध लावला नव्हता. होतं तेच औषध एका टेबलावर आणलं होतं. आमच्या सिस्टर तेच करत होत्या.

दुसरी तक्रार, जे येत नाहीत त्यांची. हिच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण ज्याच्यावर अन्याय होतो तो इथे बोलायला हजरच नसतो.

महिन्याला किती रुग्ण तपासले, हा आकडा तुम्ही मोजता. एखादा माणूस वर्षात बारा वेळा आला आणि बाराही वेळा त्याचा रक्तदाब १७० भरला, तर तुमच्या नोंदीत बारा जणांवर उपचार झाल्याचं दिसतं. तिसऱ्या महिन्यात यायचा थांबला आणि दहाव्या महिन्यात पक्षाघात होऊन पडला, तो माणूस बाह्यरुग्ण विभागाच्या कुठल्याच आकड्यात नाही. तो का आला नाही, हे विचारणं कुणाच्याही कामात धरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच सांगितलं होतं की दीर्घ आजारांची औषधं विकसित देशांतसुद्धा साधारण निम्मेच रुग्ण नियमित घेतात, गरीब देशांत त्याहून कमी. २०१९ च्या अंदाजानुसार जगात ३० ते ७९ वर्षं वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि तो आटोक्यात होता जेमतेम पाचातल्या एकाचा. रक्तदाबाच्या गोळ्या कित्येक दशकं जुन्या आहेत, स्वस्त आहेत. तरी ही स्थिती आहे, याचा अर्थ गळती गोळीच्या पलीकडे कुठेतरी आहे.

यावरचा उपाय तुमच्याच खात्याला चांगला ठाऊक आहे. क्षयरोगासाठी तुम्ही तो वापरता. कॅरेल स्टिब्लो या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस टांझानियात पद्धत बसवली : नोंदवलेल्या प्रत्येक रुग्णाचं शेवटी काय झालं हे लिहायचं. बरा झाला, वारला, औषध लागू पडलं नाही, की मध्येच सुटला. दर तिमाहीचा गट धरून हिशोब. ही पद्धत पुढे जगभर पसरली. क्षयरोगाचा रुग्ण औषध घ्यायला आला नाही तर त्याच्या दारी माणूस जातो. मधुमेहाचा आला नाही तर त्या दिवशीची रांग एका माणसाने लहान होते, एवढंच. आमच्या सिस्टर एक वही ठेवत. तारखेला न आलेल्यांची नावं त्यात असत, आणि दुपारी गर्दी ओसरली की त्या फोन करत. एकदा आईला ताप होता, आम्ही गेलो नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला : "उलट्या-जुलाब आहेत का? जेवण जातंय का? अंगातलं पाणी कमी होत असेल तर एनालाप्रिल आणि साखरेची गोळी मेटफॉर्मिन, दोन्ही थांबवावं लागतं, डॉक्टरांना विचारून सांगते." पाच मिनिटांनी पुन्हा फोन करून त्यांनी सांगितलं. त्या दोन फोनांची नोंद तुमच्या कुठल्या रकान्यात झाली असेल, मला माहीत नाही.

ती वही आता कुठे आहे, हे विचारायला मी गेले होते. कुणाला सांगता आलं नाही.

तिसरी तक्रार तारखांची. एका दिवसाचं काम आता चार दिवसांवर गेलं आहे. साखर एका वारी, रक्तदाब दुसऱ्या, मूत्रपिंडं तिसऱ्या, आणि हाडांच्या विभागात नंबर लागेल तेव्हा. प्रत्येक दिवशी एकाची मजुरी किंवा रजा बुडते, कारण आईसारखी माणसं एकटी येऊ शकत नाहीत. सोबत यायला कुणी नसतं ते एकच दिवस निवडतात, आणि ज्याचा त्रास जाणवतो त्याच आजाराचा निवडतात. दुखतात गुडघे. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, मूत्रपिंडं दुखत नाहीत, मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होत असतो तेव्हा बराच काळ नजरही कमी होत नाही. जे दुखत नाही तेच आधी सुटतं.

चाचण्यांचंही तेच. विभाग बंद झाल्यापासून आईचं क्रिएटिनिन पंधरा दिवसांत दोन ठिकाणी दोनदा काढलं गेलं, कारण एकाचा अहवाल दुसऱ्याला दिसत नाही. मूत्रपिंडांची हानी लवकर दाखवणारी लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे प्रथिनाची, तपासणी मात्र तिसऱ्यांदा राहिली. ती कुणी सांगायची हेच ठरलेलं नाही.

औषधांबद्दल थोडक्यात सांगते. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांनाही पंधरा-पंधरा दिवसांच्याच गोळ्या देता, आणि दर खेपेला कंपनी बदलली की पट्टीचा रंग बदलतो, नाव बदलतं. न वाचता येणाऱ्या माणसाला रंग हीच ओळख असते. एचआयव्हीच्या कार्यक्रमांत स्थिर रुग्णांना तीन-तीन, सहा-सहा महिन्यांची औषधं देण्याची पद्धत अनेक देशांनी रुळवली आहे.

शेवटची तक्रार सिस्टरांच्या बदलीची आहे आणि ती मला सर्वांत जास्त लागली आहे. त्यांना दुसऱ्या कामावर पाठवताना तुम्ही एक पद हलवलं. त्यांच्याबरोबर काय गेलं ते ऐका. आई "बरं आहे" म्हणाली तरी तिचा आवाज कसा आहे यावरून त्यांना कळायचं. साखर अचानक वाढली की नवं औषध मागायच्या आधी त्या विचारत, "घरात काही झालंय का?" वडील गेले त्या महिन्यात त्यांनी हे विचारलं होतं. आईने गोळ्या बंद केल्या होत्या आणि मला सांगितलं नव्हतं. सिस्टरांना सांगितलं.

याला कुणी भावनिक गोष्ट म्हणेल, म्हणून नॉर्वेचा दाखला देते. तिथे सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पंधरा वर्षांहून जास्त काळ एकच डॉक्टर असलेल्यांची तुलना एकच वर्ष झालेल्यांशी केली, तर तातडीने रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचं २५ टक्क्यांनी कमी दिसलं. तो अभ्यास डॉक्टरांवर होता. पण ओळखीचं माणूस समोर असणं म्हणजे काय, हे आम्हाला सिस्टरांमुळे कळलं आहे.

माणसं कमी आहेत, तज्ज्ञांचा वेळ वाया जातो, म्हणून विभाग बंद केला, असं आम्हाला तोंडी सांगण्यात आलं. माणसं कमी आहेत हे मला दिसतं, ते मी नाकारत नाही. पण माणसं कमी असतील तर एकाच रुग्णासाठी चार नोंदणीखिडक्या, चार केसपेपर आणि चार डॉक्टर कशासाठी? आईचे ते वॉर्डातले नऊ दिवस कुणाच्या मनुष्यबळातून गेले? उत्तर कॅलिफोर्नियातल्या कायझर परमनंटे या संस्थेने रक्तदाबाच्या सगळ्या रुग्णांची एक यादी केली, औषधाच्या साध्या ठरलेल्या पायऱ्या केल्या, आणि मधल्या तपासण्या डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित सहायकांकडे दिल्या. २००१ मध्ये त्यांच्या शंभरातल्या ४४ रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात होता, २००९ पर्यंत ८० जणांचा आला. तज्ज्ञांचा वेळ वाचवायचा मार्ग परिचारिकांच्या हाताला काम आणि अधिकार देण्यातून जातो. तुम्ही नेमका तोच हात काढून घेतला.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात आयुष्य घालवलेले डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं की चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे जास्त, तिथेच ती कमी मिळते. नुसतं लिहून ते थांबले नाहीत. आपल्या यादीतल्या प्रत्येक माणसाचा रक्तदाब त्यांनी मोजला, जो आला नाही त्यालाही शोधून. ज्यांना खाजगीत एका डॉक्टरकडे वर्षानुवर्षं जाणं परवडतं, त्यांना तुमच्या या निर्णयाने काही फरक पडणार नाही. पडतो तो आम्हाला.

आमच्या मागण्या अशा आहेत.

दीर्घ आजारांचा संयुक्त विभाग पुन्हा सुरू करा. तो होईपर्यंत, दोन किंवा अधिक दीर्घ आजार असलेल्या प्रत्येक रुग्णासाठी एका व्यक्तीची नेमणूक करा आणि तिचं नाव रुग्णाच्या कार्डावर लिहा. परिचारिका असो वा डॉक्टर, पण नाव हवं. "संबंधित विभाग" हे नाव नव्हे.

प्रत्येक रुग्णाची औषधांची एकच यादी असावी, औषधाच्या मूळ नावाने लिहिलेली. कुठल्याही विभागाने नवं औषध देण्याआधी ती बघणं आणि दिल्यावर तीत लिहिणं बंधनकारक करा. संगणक येईल तेव्हा येईल, पिवळं कार्ड आजही चालतं.

तपासणी, रक्त, औषधं एकाच दिवशी. मधुमेह्यांचे डोळे, तळपाय आणि लघवी वर्षातून एकदा तपासली गेली की नाही, हे बघणारं माणूस तेच, ज्याचं नाव कार्डावर आहे.

नोंदवही ठेवा आणि दर तिमाहीला तीन आकडे रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावा : किती रुग्ण नोंदले, कितींचा आजार आटोक्यात आहे, किती जण सुटले. सुटलेल्यांना फोन करण्याचा वेळ कुणाच्या तरी कामाच्या तासांत धरा.

स्थिर रुग्णांना निदान तीन महिन्यांची औषधं द्या.

या कामातल्या परिचारिकांना प्रशिक्षण द्या, ठरलेल्या पायऱ्यांनुसार औषधाचा डोस बदलण्याचा अधिकार द्या, आणि त्यांची बदली करताना निदान एवढं बघा की वही कुणाच्या तरी हातात सोपवली गेली आहे.

आणि यापुढे असा निर्णय घेण्याआधी रुग्णांना विचारा. विभागाबाहेरच्या बाकांवर आम्ही दर आठवड्याला बसलेलो असायचो.

परवा आईला नव्या विभागात नेलं. मी पिवळं कार्ड पुढे केलं. टेबलामागच्या तरुण डॉक्टरांनी ते बघून परत दिलं, "हे बंद झालंय, नवा केसपेपर काढा." नव्या केसपेपरवर लाल ओळ नव्हती. मी ती माझ्या पेनाने लिहिली. निळी आहे, पण ठळक लिहिली आहे.

पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला आईला हाडांच्या विभागात नंबर मिळाला आहे. त्याच्या आधी मला तुमचं लेखी उत्तर हवं आहे.

आपली,
एका रुग्णाची मुलगी